रिकामा ठोका

दर्यामातेच्या देवळातली मोठी घंटा पहिल्यांदा आपली आपण वाजली, तेव्हा तिचा दोर खुंटीला गुंडाळलेला होता, घंटाघराच्या दाराला कुलूप होतं आणि ती वाजवणारा पास्कू न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेला होता.

देऊळ म्हणजे चर्चच. वसईच्या किनाऱ्यावरच्या चिरेबंदर गावातली जुनी माणसं चर्चला देऊळ म्हणतात, पूर्वीपासून म्हणत आलीत. पुढे हे प्रकरण गाजलं तेव्हा एका वाहिनीच्या बातमीदार पोरीनं ते ऐकून 'कोळीवाड्यातल्या प्राचीन मंदिरात चमत्कार' अशी बातमी ठोकून दिली होती. पण ते पुढचं. त्या दिवशी कुणाला हसायचं सुचत नव्हतं.

एक ठोका पडला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. अशा संथ, एकेकट्या ठोक्यांचा अर्थ चिरेबंदरात लहान पोरालाही कळतो. ती मयताची घंटा. जाळी विणणारे हातातलं काम टाकून उठले, बायका ओल्या हातांनी दारात आल्या आणि जो तो दुसऱ्याला विचारू लागला, कोण गेलं? गावात आजारी पडून असलेल्या तिघाचौघांच्या घरात लोक हळूच डोकावून आले. ती सगळी जिवंत होती. त्यातल्या एका म्हातारीनं तर डोकावणाऱ्यांची चांगली खरडपट्टी काढली.

लविना बावतीस त्या वेळी देवळापासून हाकेच्या अंतरावर, पण जमिनीपासून बरीच वर होती. गावाला लागून जे दोन जुळे मनोरे उभे राहिले होते, प्रत्येकी बासष्ट मजल्यांचे, त्यांतल्या पहिल्याच्या नियंत्रण कक्षात ती अभियंता होती. गावातली पोर मनोऱ्यात नोकरीला, यावरून तिनं टोमणे खाल्ले होते. पण मनोऱ्यांपासून देवळाला धक्का लागू नये हेच तिचं काम असल्यामुळे टोमणे मारणारेही जरा सांभाळून मारत.

आईचा फोन आला.

"घंटा ऐकलीस?"

"इथं काचा बंद असतात, आये. काय झालं?"

"मयताची वाजतेय. वाजवायला कोनीच नाय." कात्रीनबाई थांबल्या. त्यांचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "लविना, ती आपल्या इजूची हाय."

लविना हातातला कप ठेवायचा विसरली. सहा वर्षांत आईच्या तोंडून इजूचं नाव आणि मरण एका वाक्यात कधी आलं नव्हतं.

इजू म्हणजे इजिदोर, लविनाचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी होडीवर गेला आणि परतला नाही. होडीच्या दोन फळ्या सापडल्या, बरोबरचे दोन खलाशी किनाऱ्याला लागले, तेही मेलेलेच. इजूचा पत्ता लागला नाही. चिरेबंदरात माणूस मेला असं घंटा वाजल्यावरच म्हणतात. डॉक्टरनं सांगून किंवा सरकारी कागद आणून भागत नाही. आणि आईनं घंटा वाजवू दिली नव्हती. "पोर दाखवा, मग वाजवा," एवढंच ती बोलली होती. परमुलखातल्या तुरुंगातून सुटून आलेले खलाशी बातम्यांत दिसले की ती टीव्हीजवळ जाऊन एकेक चेहरा बघायची. नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेत, गावातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात, त्यात इजूचं नाव घ्यायचं कुणी सुचवलं की ती त्या घरी वर्षभर पाऊल टाकत नसे. लविनाला भावासाठी रडायचं असलं की ती मनोऱ्यात येऊन रडायची, कारण घरात तो जिवंत होता.

त्या संध्याकाळी ती घरी गेली, तर आई काळी साडी नेसून ओट्यावर बसली होती. लविनाला बघताच तिनं हंबरडा फोडला. सहा वर्षांचं साठलेलं रडणं होतं ते. शेजारणी आल्या, त्यांनीही गळे काढले, आणि लविना आईला मिठी मारून इतकी रडली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. घंटा कशानं वाजली हा प्रश्न एखाद्या अभियंत्याला त्याच क्षणी पडायला हवा होता. तिला तो पडला नाही. खरं सांगायचं तर तिनं तो पडू दिला नाही. आईची सुटका झाली होती, आणि लविनाचीही.

पण घंटा तेवढ्यावर थांबली नाही. वारा असेल त्या दिवशी दुपारी कधीतरी ती वाजायची, पाच-सात ठोके द्यायची आणि गप्प व्हायची. पहिल्या आठवड्यात गाव आलं, दुसऱ्यात वसई आली, मग मुंबईहून बसगाड्या येऊ लागल्या. घंटाघराच्या पायथ्याशी मेणबत्त्यांचा चिखल झाला. ज्यांची माणसं दर्यात गेली होती ते सगळ्या किनाऱ्यावरून आले. आणि या सगळ्यांच्या मध्ये, घंटाघराच्या खालच्या पायरीवर, कात्रीनबाई रोज जपमाळ घेऊन बसू लागल्या. घंटा ज्याच्यासाठी पहिल्यांदा वाजली त्याची आई म्हणून लोक त्यांच्या पाया पडत. त्या कुणाला पडू देत नसत, पण उठतही नसत.

धर्मगुरू फादर आल्वीन मात्र धास्तावले होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेले. चमत्कार आपल्याच गावात व्हावा असं कुठल्याही शहाण्या पाद्र्याला वाटत नाही, कारण त्याची उत्तरं शेवटी त्यालाच द्यावी लागतात. त्यांनी लविनाला आवारात गाठलं.

"तुझी यंत्रं काय म्हणतात?"

"सगळं हिरवं आहे, फादर. मनोऱ्यांची हालचाल देवळाच्या भिंतींपर्यंत पोचतच नाही."

"नक्की?"

"मी स्वतः बघते रोज."

ती खोटं बोलत नव्हती. पडद्यावर खरोखरच सगळं हिरवं होतं.

आता हे पडद्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. उंच इमारत वाऱ्यात डोलते. खालून दिसत नाही, पण पन्नासाव्या मजल्यावरच्या माणसाला बोट लागल्यासारखं मळमळतं. पूर्वी यावर उपाय म्हणून इमारतीच्या डोक्यावर शेकडो टनांचा लोलक टांगत किंवा पाण्याची प्रचंड टाकी बसवत, म्हणजे इमारत इकडे झुकली की वजन तिकडे जाई. त्यात वरचे दोन-तीन मजले फुकट जात, आणि सगळ्यात महाग मजले तेच. म्हणून नवी पद्धत निघाली होती. इमारतीच्या पायातच मोठे दट्टे बसवायचे. वरून आलेली हलण दट्ट्यांनी खाली जमिनीत ढकलायची आणि तिथं मुरवून टाकायची. कामगारांनी या यंत्रणेला 'मुरवण' नाव ठेवलं होतं, आणि तेच रूढ झालं.

जमिनीत ढकललेली हलण कुठंतरी जाणारच. शेजारी चारशे वर्षांचं, दगडचुन्याचं देऊळ. म्हणून परवानगी देताना सरकारनं अट घातली की देवळाला ती जाणवता कामा नये. मुरवणीचा मेंदू हे काम स्वतः शिकून करायचा. जगातल्या प्रत्येक वस्तूचा डोलायचा एक ठोका ठरलेला असतो. झोपाळ्याला त्याच्या ठोक्यावर एका बोटानं ढकललं तरी तो उंच जातो, आणि ठोका चुकवून दोन्ही हातांनी रेटलं तरी जागचा हलत नाही. देवळाच्या भिंतींचे, खांबांचे, छताचे ठोके कोणते, ते मुरवणीनं आधी ऐकून घ्यायचे आणि मग ते सगळे टाळून, ज्या ठोक्याला देवळातलं काहीच साद देत नाही अशा रिकाम्या ठोक्यावर मनोऱ्यांची हलण सोडून द्यायची. ऐकून शिकणं झालं की तो नमुना सरकारी तज्ज्ञांनी तपासून कायमचा बंद केला होता, म्हणजे यंत्रानं नंतर स्वतःच्या मनानं काही बदलू नये.

हे ऐकणं कधी करायचं, हे लविनानं ठरवलं होतं. तिचे वरिष्ठ श्रीरंग दातीर म्हणाले होते, कुठलेही चार दिवस घ्या. तिनं नकारार्थी मान हलवली होती. कुठलेही कसे? लग्नसराईत बँड, सणाला फटाके, रोजच मनोऱ्यांचं बांधकाम. तिला देऊळ अगदी शांत असताना ऐकायचं होतं, आणि असा काळ कोणता हे चिरेबंदरच्या पोरीला विचारायची गरज नव्हती. पवित्र सप्ताह, ईस्टरच्या आधीचा. उपवासकाळात लग्नं नाहीत, गाणंबजावणं नाही. गुड फ्रायडेला बांधकामालाही सुट्टी. गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत तिनं देवळाच्या भिंतींना आणि खांबांना कंपनं टिपणाऱ्या यंत्रांचे कान लावले होते. इतकं स्वच्छ मापन आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं दातीर म्हणाले होते. लविनाला त्याचा अभिमान होता.

दिवाळीनंतर दर्यात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि वारा वाढला. इजूच्या नावाची मिस्सा त्याच रविवारी दुपारी ठरली होती. मृतांच्या यादीत त्याचं नाव पहिल्यांदा वाचलं जाणार होतं, आणि ते वाचताना घंटा वाजावी म्हणून लोक देवळाच्या आत न बसता घंटाघराच्या खाली जमणार होते. सकाळी लविना आईला चहा द्यायला गेली. आई पायरीवरच होती. तिच्या काळ्या साडीच्या खांद्यावर पांढरं काहीतरी सांडलेलं होतं.

"पावडर सांडलीस की काय?"

"वरून पडतं. घंटा वाजली की पडतं." आई हसली. "लोक पुड्या करून घरी नेतात. आशीर्वाद बोलतात."

लविनानं ते चिमटीत घेतलं, चोळलं. बारीक, खरखरीत. चुना होता. ज्या चुन्यानं दगड एकमेकांना धरून उभे असतात, तो.

तिनं पास्कूकडून किल्ली घेतली आणि घंटाघराचा गोल जिना चढून गेली. वर वाऱ्याचा घोंगाट होता. घंटा हलत होती. वाजत नव्हती, नुसती हलत होती, पाळण्यासारखी, आणि तिच्याबरोबर लाकडी तुळई कुरकुरत होती. चारी कोपऱ्यांतल्या दगडांच्या सांध्यांत लविनाची करंगळी सहज जात होती. हलता हलता घंटेचा झोका वाढत गेला आणि एकदम तिच्या कानाशी ठोका पडला. पायाखालची फरशी तिला स्पष्टपणे सरकलेली जाणवली. मग झोका कमी झाला, पुन्हा वाढू लागला. दोन मनोरे कधी एका तालात डोलतात, कधी ताल सुटतो. ताल जुळला की झोका वाढून एकच ठोका, सुटला की शांतता. मयताची घंटा नेमकी तशीच वाजवतात.

ती भिंतीला धरून खाली बसली.

तिनं देऊळ ऐकलं होतं ते कोणत्या दिवसांत? गुरुवारच्या मिस्सेत गौरवगीत झालं की घंटा बांधतात. येशू मरण पावलेला असताना घंटा वाजवत नाहीत. लोलकाला फडकं गुंडाळतात, घंटा दोरखंडानं तुळईला करकचून आवळतात आणि लाकडी फळी खटखटवून लोकांना बोलावतात. शनिवारी पुन्हा गौरवगीत सुरू होतं तेव्हा ती सोडतात. लविना लहानपणापासून हे बघत आली होती. तिनं देऊळ ऐकलं ते घंटा बांधलेली असताना, आणि मुरवणीला ऐकू आलं की या ठोक्यावर देवळात कुणीच नाही. दार लोटलेली खोली रिकामी समजून घरभरचं सामान आत कोंबावं आणि आत आजारी माणूस झोपलेलं असावं, तसं झालं होतं. मुरवण चालू झाल्यापासून बासष्ट मजल्यांच्या दोन मनोऱ्यांची सगळी हलण त्या एका रिकाम्या ठोक्यावर घंटेत जात होती, आणि घंटा ती घंटाघराला देत होती. भिंतींवरचे कान देवळाच्या भिंतींपुरतं खरंच सांगत होते, घंटाघरावर कान नव्हतेच. दातीरांनी 'कुठलेही चार दिवस' घेतले असते, तर घंटा मोकळी असती, एकदा तरी वाजली असती आणि यंत्राला ती कळली असती. दातीरांना देवळातलं काही माहीत नव्हतं. जिला सगळं माहीत होतं तिनं हे केलं होतं.

लविना जिना उतरून तशीच मनोऱ्याकडे धावली.

दातीर नियंत्रण कक्षातच होते. वाऱ्यामुळे सुट्टी असूनही आलेले. त्यांनी तिचं सगळं न अडवता ऐकलं आणि चेहरा पांढरा पडला तरी खुर्ची सोडली नाही.

"सर, मुरवण बंद करायला आपल्या दोघांचे ठसे लागतात. या."

"बाहेर वारा काय आहे बघा. आता बंद केली तर वरचे मजले हातभर डोलतील. लिफ्ट आपोआप थांबतील. माणसं घाबरून जिन्यांत घुसली तर? वर दोन हजारांवर कुटुंबं आहेत, बावतीस मॅडम. म्हातारी आहेत, तान्ही मुलं आहेत."

"खाली माझी आई आहे."

दातीरांनी वाऱ्याचा आकडा पुन्हा पाहिला. "उद्या वारा पडला की मी स्वतः बंद करतो. लिहून देतो हवं तर. पण आज तुम्ही खालची माणसं हलवू शकता. वरची मी कुठं हलवू?"

लविनाला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेच तिला सहन होईना.

ती धावत देवळात आली तेव्हा आवार भरू लागलं होतं. फादर आल्वीन अंगावर झगा चढवत होते. तिनं त्यांना सांगितलं. फादरचा हात बाहीतच अडकून राहिला.

"म्हणजे इतके दिवस लोक…" ते म्हणाले आणि थांबले. "मी त्यांना मेणबत्त्या लावू दिल्या."

"फादर, ते नंतर. आता घंटा बांधायला वर कुणी चढलं तर घंटाघर त्याच्यासकट खाली येईल. लोकांना बाहेर काढा."

"मी सांगितलं तर निम्मे ऐकतील. निम्मे म्हणतील फादरला चमत्कार सोसत नाही. तुझी आई त्या पायरीवर बसलेली असेतो तिथून कुणी उठणार नाही, लविना. ती उठली तर सगळे उठतील."

"मग तिला तुम्ही सांगा."

फादरनी चष्मा पुसला. "घंटा तिच्या मुलाची नव्हती, हे मी सांगू? तिनं मला विचारलं की तुम्हाला कसं ठाऊक, तर काय सांगू?"

आई पायरीवर होती. केस नीट बांधलेले, काळ्या साडीवर पांढरी धूळ, हातात इजूचा हार घातलेला फोटो. लविना तिच्यापुढे उकिडवी बसली. वर तुळई कुरकुरत होती आणि ते आता तिला एकटीलाच ऐकू येत होतं. एखादं खोटं सांगावं, असं तिच्या मनात आलं. कुणी घरी पडलं म्हणावं, आग लागली म्हणावं. पण आई अर्ध्या वाटेवरून परत आली असती, आणि उद्या पुन्हा इथंच बसली असती.

"आये, ऊठ. इथून चल."

"मिस्सा झाल्यावर."

"ही घंटा इजूची नाय, आये."

"मग कोनाची?"

"कोणाचीच नाय. माझ्या यंत्राची. मनोरे डोलतात, ते डोलणं जमिनीतून या घंटेत येतं. मी देऊळ मोजलं तेव्हा घंटा बांधलेली होती, पवित्र शुक्रवारी. माझी चूक झाली. घंटाघर पडणार आहे, आये. तू उठली नाहीस तर कोणीच उठणार नाय."

आजूबाजूच्या बायकांची जपमाळ थांबली. आईनं फोटो मांडीवर ठेवला.

"कोनी वाजवली नाय?"

"नाय."

"वरून कोनी सांगितलं नाय?"

"नाय, आये."

"दर्यामातेकडं बघून बोल."

लविनानं मान वळवली. देवळाच्या दारातून वेदीवरची दर्यामाता दिसत होती, कडेवर बाळ, पायाशी होडी. "घंटा कोणी वाजवली नाही," ती म्हणाली. "इजूनंही नाही."

आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळू. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, फोटो पदराखाली घेतला आणि फाटकाच्या दिशेनं चालू लागली. बायका उठल्या. त्यांच्यामागे पुरुष उठले. कुणी लविनाकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली, एकजण तोंडावर थुंकल्यासारखं बोलला, पण आवार रिकामं झालं. फादर आल्वीन शेवटच्या म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

मिस्सेची वेळ उलटून गेल्यावर घंटाघर पडलं. पडलं म्हणजे कोसळलं असंही नाही. ते आधी किंचित खचलं, जणू बसावं की नाही असं त्याचं चाललं होतं, आणि मग सगळंच्या सगळं आवारात उतरलं. घंटा पडताना वाजलीसुद्धा नाही. चुन्याच्या ढिगात ती तोंड खाली करून रुतली. पांढरी धूळ रस्त्यावर उभ्या असलेल्या शेकडो माणसांच्या अंगावर बसत गेली, आणि जी पायरी सकाळपर्यंत मेणबत्त्यांनी झाकलेली होती तिथं आता माणसाच्या उंचीचे दगड होते. देऊळ उभं होतं. तिच्या हातातल्या पडद्यावर अजूनही सगळं हिरवं होतं. ज्या ठोक्यावर कुणी नाही असं यंत्र म्हणत होतं, त्यावर आता खरंच कुणी नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की आई दिसत नाही.

ती गर्दीतून ओरडत फिरली. दगडांकडे धावली, तिला दोघांनी धरून ठेवलं. फाटकातून बाहेर पडताना आईला पाहिलेलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पण परत फिरली असेल तर? फोटो पडला म्हणून, चप्पल राहिली म्हणून? ती घराकडे पळत सुटली. दार उघडं होतं.

आई आत होती. तिनं काळी साडी सोडून ठेवली होती आणि निळी, फुलाफुलांची साडी नेसली होती. इजूच्या फोटोवरचा हार काढून तिनं खिडकीबाहेर टाकला होता. चुलीवर भात होता. लविना दारातच खाली बसली आणि तिला रडू फुटलं.

"रडतेस कशाला?" आई म्हणाली. तिचा चेहरा सहा वर्षांत दिसला नव्हता इतका मोकळा होता. "चांगलं झालं तू बोललीस. मी उगाच बसले होते तिथं, बाय. पोराला मारून बसले होते."

"आये…"

"घंटा त्याची नाय ना? मग तो गेला नाय." आईनं भाताचं झाकण काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. "दर्यामातेकडं बघून बोललीस तू. आता फादरला जाऊन सांग, यादीतून इजूचं नाव काढा. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत घेत नाय."

एका यंत्राच्या चुकीनं तिच्या आईला पोराचं मरण दिलं होतं, आणि आता लविनानं ते खरं बोलून काढून घेतलं होतं. आईला वाचवताना नेमकं काय मोडलं, ते तिला त्या दारात बसून कळलं, आणि कळलं तेव्हा ते जोडायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. घंटासुद्धा नव्हती.

मिस्सा संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये झाली. दर्याकडच्या खिडक्या वाऱ्यानं थडथडत होत्या. मिस्सेआधी फादर आल्वीन यादी घेऊन लविनाजवळ आले. दिवसभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"इजिदोरचं नाव कुठं घेऊ? शेवटी घेऊ का?"

आई पहिल्या बाकावर निळ्या साडीत बसली होती, ताठ. तिनं मागे वळून लविनाकडे बघितलं.

"यादीत नको, फादर," लविना म्हणाली. "दर्यावर गेलेल्यांनी सुखरूप घरी यावं म्हणून एक प्रार्थना असते ना, तिच्यात घ्या."

फादरनी खिशातलं पेन काढलं आणि नावावर रेघ मारली.

त्यांनी ती प्रार्थना म्हटली तेव्हा सगळ्या हॉलनं आमेन म्हटलं. कात्रीनबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. लविनाला तोंड उघडता आलं नाही.